डिझ्नी आणि लॉस एंजेलस टाइम्स यांच्यातील वाद (२०१७)

डिझ्नी आणि लॉस एंजेलस टाइम्स यांच्यातील वाद हा वॉल्ट डिझ्नी कंपनी व अमेरिकेतील लॉस एंजेलस टाइम्स हे दैनिक यांच्यात सप्टेंबर ते नोव्हेंबर २०१७ या काळात झालेला वाद होय. कॅलिफोर्निया राज्यातील ॲनाहाइम शहर आणि तेथील डिझ्नीलँड यांच्या आर्थिक संबंधांवर टाइम्सने एक वृत्तमालिका प्रसिद्ध केली होती. त्यानंतर डिझ्नीने आपल्या चित्रपटांच्या पत्रकारांसाठीच्या खास खेळांना टाइम्सच्या समीक्षकांना प्रवेश नाकारला. अनेक वृत्तपत्रे व चित्रपट समीक्षकांच्या चार प्रमुख संघटना टाइम्सच्या बाजूने उभ्या राहिल्यानंतर ७ नोव्हेंबर २०१७ रोजी कंपनीने ही बंदी मागे घेतली. बंदी चित्रपटांपुरती असली तरी वादाचे मूळ मनोरंजन उद्यानाच्या विस्तारासाठी शहराने दिलेल्या सवलतींमध्ये होते.

पार्श्वभूमी

डिझ्नीलँड १७ जुलै १९५५ रोजी ॲनाहाइम येथे सुरू झाले. त्यासाठी निवडलेली जागा प्रामुख्याने संत्र्यांच्या बागांची होती. उद्यानाभोवती हॉटेले व उपाहारगृहे वाढत गेली आणि ऑरेंज काउंटीतील हे लहान शहर पर्यटनकेंद्र बनले. कालांतराने डिझ्नी ही शहरातील सर्वांत मोठी नियोक्ता संस्था झाली.

१९९० च्या दशकाच्या आरंभी कंपनीने दक्षिण कॅलिफोर्नियात दुसरे उद्यान उभारण्याचे ठरवले. ॲनाहाइम व लाँग बीच या दोन्ही शहरांसाठी आराखडे तयार करण्यात आले. त्यामुळे प्रकल्प आपल्याकडे यावा यासाठी दोन्ही शहरांत स्पर्धा निर्माण झाली. अखेर ॲनाहाइमची निवड झाली. मात्र वेस्टकॉट नावाचा तेथील मोठा आराखडा खर्चामुळे १९९५ मध्ये सोडून देण्यात आला. त्याऐवजी जुन्या वाहनतळाच्या जागेवर डिझ्नीज कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर हे तुलनेने लहान उद्यान उभे राहिले व ८ फेब्रुवारी २००१ रोजी खुले झाले.

या विस्तारासाठी शहराने १९९६ मध्ये कंपनीशी करार केला. त्यानुसार १९९७ मध्ये सुमारे ५१ कोटी डॉलरचे रोखे काढण्यात आले. त्यांतून रस्ते, भूमिगत सुविधा, अधिवेशन केंद्राचा विस्तार आणि एक बहुमजली वाहनतळ यांचा खर्च भागवण्यात आला. भविष्यात शहराने उद्यानाच्या तिकिटांवर कर बसवल्यास ती रक्कम कंपनीला परत मिळेल, अशी हमीही देण्यात आली. २०१५ मध्ये नगर परिषदेने ही हमी आणखी ३० वर्षांसाठी दिली. त्या बदल्यात कंपनीने किमान १ अब्ज डॉलरची गुंतवणूक करण्याचे मान्य केले. स्टार वॉर्सवर आधारित १४ एकरांचा नवा विभाग याच विस्ताराचा भाग होता. २०१६ मध्ये कंपनीच्या नियोजित आलिशान हॉटेलसाठीही करसवलत मंजूर झाली. या सवलतीचे अंदाजित मूल्य २६.७ कोटी डॉलर होते.

वृत्तमालिका

सप्टेंबर २०१७ मध्ये टाइम्सने प्रसिद्ध केलेल्या मालिकेत, डिझ्नी ॲनाहाइम शहराला आपला योग्य वाटा देते का, हा प्रश्न मांडण्यात आला होता. गेल्या दोन दशकांत कंपनीने मिळवलेली अनुदाने, सवलती, परतावे व भावी करांपासूनचे संरक्षण यांचे एकत्रित मूल्य १ अब्ज डॉलरपेक्षा अधिक असल्याचे त्यात म्हटले होते.

मालिकेतील सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण ‘मिकी अँड फ्रेंड्स’ या वाहनतळाचे होते. १०,२४१ गाड्यांची सोय असलेली ही इमारत बांधण्यासाठी शहराने १०.८२ कोटी डॉलर खर्च केले होते. ती कंपनीला वर्षाला केवळ १ डॉलर भाड्याने देण्यात आली होती व तेथील शुल्काचे उत्पन्न कंपनीकडे जात होते. रोख्यांची परतफेड पूर्ण झाल्यावर इमारतीची मालकीही कंपनीकडे जाणार होती.

मालिकेच्या दुसऱ्या भागात स्थानिक राजकारणाचा आढावा होता. २०१६ च्या नगर परिषद निवडणुकीत कंपनीने राजकीय समित्यांमार्फत १० लाख डॉलरहून अधिक खर्च केला होता. तरीही सवलतींचे टीकाकार असलेले महापौर टॉम टेट व त्यांचे समर्थक यांना परिषदेत बहुमत मिळाले.

उद्यानामुळे सुमारे ३०,००० लोकांना थेट रोजगार मिळतो, शहराला मोठा महसूल मिळतो आणि सवलतींमुळेच गुंतवणूक शक्य होते, अशी कंपनीची भूमिका होती. शहरातील अनेक आजी-माजी पदाधिकारीही या मताचे होते. प्रत्यक्षात दोन्ही बाजू एकाच व्यवहाराचे वेगवेगळे हिशेब मांडत होत्या. एका बाजूने शहराने सोडलेले उत्पन्न मोजले, तर दुसऱ्या बाजूने विस्तारामुळे वाढलेले उत्पन्न मोजले.

बंदी

३ नोव्हेंबर २०१७ रोजी ‘थॉर: रॅग्नारॉक’ हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याच दिवशी टाइम्सने वाचकांना कळवले की, ॲनाहाइमविषयीच्या वार्तांकनामुळे डिझ्नीने आपल्या चित्रपटांचे खेळ दैनिकाच्या प्रतिनिधींना आगाऊ दाखवण्याचे बंद केले आहे. अशा खेळांमुळे समीक्षकांना प्रदर्शनाच्या दिवशीच परीक्षण छापता येते. अन्यथा चित्रपटगृहात तिकीट काढून चित्रपट पाहिल्यानंतरच लिहावे लागते.

वृत्तमालिका पक्षपाती, चुकीची व राजकीय हेतूने प्रेरित असून तिच्यात पत्रकारितेच्या मूलभूत निकषांची उपेक्षा झाली आहे, असे कंपनीने निवेदनात म्हटले. या बंदीची झळ मात्र मालिकेशी संबंध नसलेल्या चित्रपट विभागाला बसली.

प्रतिक्रिया

वॉशिंग्टन पोस्टच्या एका स्तंभलेखिकेने तसेच काही संकेतस्थळांनी डिझ्नीच्या आगाऊ खेळांवर बहिष्कार जाहीर केला. न्यूयॉर्क टाइम्सनेही बंदी उठेपर्यंत आपले समीक्षक अशा खेळांना जाणार नाहीत, असे सांगितले. नावडत्या बातमीसाठी एका वृत्तसंस्थेला शिक्षा करणे हा इतरांना धाक घालण्याचा प्रकार असून तो सार्वजनिक हिताचा नाही, अशी त्या दैनिकाची भूमिका होती.

७ नोव्हेंबर रोजी लॉस एंजेलस, न्यूयॉर्क व बॉस्टन येथील समीक्षक संघटना आणि नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्स यांनी संयुक्त निवेदन काढले. बंदी कायम असेपर्यंत डिझ्नीच्या चित्रपटांचा वार्षिक पुरस्कारांसाठी विचार केला जाणार नाही, असे त्यात जाहीर करण्यात आले. या निर्णयामुळे चित्रपटांशी संबंधित कलावंतांचेही नुकसान होऊ शकते याची जाणीव असूनही हे पाऊल उचलावे लागत असल्याचे संघटनांनी नमूद केले. डिझ्नीसाठी ‘अ रिंकल इन टाइम’ हा चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या एव्हा ड्युव्हर्ने यांनीही समीक्षकांना जाहीर पाठिंबा दिला.

माघार

त्याच दिवशी डिझ्नीने बंदी उठवल्याचे जाहीर केले. टाइम्सच्या नव्या नेतृत्वाशी फलदायी चर्चा झाल्याचे कारण कंपनीने दिले. दैनिकाचे मुख्य संपादक त्याच महिन्यात बदलले होते. कंपनीचे ‘कोको’ व ‘स्टार वॉर्स: द लास्ट जेडाय’ हे महत्त्वाचे चित्रपट पुढील काही आठवड्यांत प्रदर्शित होणार होते. पुढे न्यूयॉर्कच्या समीक्षक संघटनेने ‘कोको’ला वर्षातील सर्वोत्कृष्ट सचेतनपटाचा पुरस्कार दिला.

पुढील घडामोडी

बंदी उठली तरी सवलतींचा प्रश्न कायम राहिला. करसवलत मिळवणाऱ्या पर्यटन व्यवसायांनी कामगारांना किमान १५ डॉलर तासिक वेतन द्यावे आणि ते २०२२ पर्यंत १८ डॉलर करावे, असा प्रस्ताव ॲनाहाइमच्या मतदारांपुढे ठेवण्यात आला. ऑगस्ट २०१८ मध्ये डिझ्नीने स्वतःच हॉटेलची सवलत व तिकीटकराची हमी रद्द करण्याची विनंती केली. नगर परिषदेने ती मान्य केली. त्यानंतर आलिशान हॉटेलचा प्रकल्पही सोडून देण्यात आला. नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदारांनी वेतनाचा प्रस्ताव मंजूर केला.

हा कायदा आपल्याला लागू होत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. कामगारांनी २०१९ मध्ये न्यायालयात दाद मागितली. प्रथम निकाल कंपनीच्या बाजूने लागला. मात्र १९९६ च्या करारातील कर परत मिळण्याची तरतूद हे शहराचे अनुदानच ठरते, असा निर्णय अपील न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये दिला. २०२४ मध्ये कंपनीने २३.३ कोटी डॉलर देऊन हा दावा मिटवण्याचे मान्य केले.

दरम्यान, स्टार वॉर्सचा विभाग ३१ मे २०१९ रोजी खुला झाला. २०२४ मध्ये नगर परिषदेने ‘डिझ्नीलँडफॉरवर्ड’ या नव्या विस्तार आराखड्याला मंजुरी दिली. त्यानुसार दहा वर्षांत किमान १.९ अब्ज डॉलरची गुंतवणूक करण्याची तसेच परवडणाऱ्या घरांसाठी शहराला ३ कोटी डॉलर देण्याची अट कंपनीने स्वीकारली.

महत्त्व

आगाऊ खेळ दाखवणे ही निर्मात्याने स्वेच्छेने दिलेली सोय आहे. ती देण्याचे कायदेशीर बंधन कंपनीवर नव्हते. तथापि, शहराच्या तिजोरीविषयीच्या बातमीबद्दल चित्रपट समीक्षेची सोय काढून घेण्यात आल्याने हे प्रकरण वृत्तपत्रस्वातंत्र्याशी जोडले गेले. डिझ्नी स्वतः एबीसी या दूरचित्रवाणी जाळ्याची व त्याच्या वृत्तविभागाची मालक असल्याने टीका अधिक तीव्र झाली. प्रत्यक्षात बंदीमुळे, प्रामुख्याने स्थानिक स्वरूपाच्या या वृत्तमालिकेकडे देशभरातील वाचकांचे लक्ष वेधले गेले.

हे सुद्धा पहा

डिझ्नीलँड
ॲनाहाइम
लॉस एंजेलस टाइम्स
वृत्तपत्रस्वातंत्र्य