जबलपूर खटला (१९७६)

आणीबाणीत नागरिकाच्या जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचे काय होते, या प्रश्नावरील भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निवाडा. ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला’ हे त्याचे पूर्ण नाव. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. दोनच दिवसांनी राष्ट्रपतींनी अनुच्छेद ३५९ खाली आदेश काढून अनुच्छेद १४ (समानता), २१ (जीवित व स्वातंत्र्य) व २२ (अटकेबाबत संरक्षण) यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद केली. तरीही ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखालील स्थानबद्धांचे देहोपस्थितीचे (हेबियस कॉर्पस) अर्ज मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी सुनावणीयोग्य ठरवले, म्हणून सरकार अपिलात गेले.

सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारले, की पोलिसाने वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तर दाद कोठे मागायची? आणीबाणी असेपर्यंत कोठेच नाही, असे उत्तर आले. सरकारच्या युक्तिवादाची सरळ परिणती हीच होती. डे यांनी ती लपवली नाही, इतकेच. २८ एप्रिल १९७६ रोजी सरन्यायाधीश अजितनाथ रे, न्या. बेग, न्या. यशवंत चंद्रचूड व न्या. भगवती या चौघांनी सरकारची बाजू उचलून धरली. खन्ना एकटे विरोधात गेले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

४४ व्या घटनादुरुस्तीने (१९७८) अनुच्छेद २० व २१ अशा आदेशाच्या कक्षेबाहेर काढले. निवाडा मात्र २०१७ पर्यंत औपचारिकरीत्या उभाच होता. खासगीपणाच्या हक्कावरील पुट्टस्वामी खटल्यात तो रद्दबातल ठरवणारे निकालपत्र लिहिले न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, म्हणजे यशवंतरावांच्या मुलाने.