खटका, चकती आणि कामगाराचा निष्काळजीपणा

इतिहास म्हटला म्हणजे राजे, तह आणि लढाया एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. आमचा जो काही अभ्यास झाला तो कारखान्याच्या फाटकावर, अपघातांच्या नोंदी वाचताना आणि रात्री उसन्या पुस्तकांतून झाला. त्यामुळे नटबोल्टाचा इतिहासही आम्हाला तहनाम्याइतकाच मोलाचा वाटतो. आज अशाच एका लहानशा वस्तूची हकीकत सांगावयाची आहे. ती म्हणजे सायकलचे चाक पान्यावाचून काढता यावे म्हणून बसविलेला खटका.

गोष्ट उत्तर इटलीतली. 1927 सालच्या नोव्हेंबरात तुल्लिओ कांपान्योलो नावाचा शर्यतपटू क्रोचे द'आउने ह्या घाटात बर्फात अडकला, अशी कथा सांगतात. त्या काळी शर्यतीच्या सायकलला आजच्यासारखे गिअर नसत. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लहानमोठी दात्यांची चक्रे असत. चढ आला की खाली उतरावयाचे, चाक सोडवावयाचे आणि उलटे करून पुन्हा बसवावयाचे. त्या दिवशी बोटे गारठलेली, आणि पंखांचे नट काही केल्या फिरेनात. शर्यत हातची गेली, पण डोक्यात किडा शिरला. 1930 साली त्याने पोकळ आसातून एक सळई घातली. तिच्या एका टोकाला नट होता, दुसऱ्याला दांडी. दांडीच्या मुळाशी मध्य ढळलेला गोल, म्हणजे कॅम, होता. दांडी उलटविली की कॅम सळई खेचतो आणि चिमट्याचे दोन्ही पाय आसावर आवळले जातात. 1933 मध्ये त्याचा कारखाना व्हिचेंझा येथे निघाला आणि हा खटका हळूहळू जगभर पसरला.

ही युक्ती उत्तमच होती. पुढच्या चिमट्याच्या टोकाला खाली तोंड असलेली खाच असते, तीत चाकाचा आस बसतो. स्वाराचे वजन चिमट्याला खाली दाबते, म्हणून आस खाचेत वरच राहतो. ब्रेकचे रबर वरच्या बाजूला रिमला चिमटीत धरीत, आणि त्या ओढीने चाक खाचेबाहेर पडण्याचे कारण नव्हते. आवळणी ढिली राहिली तर मात्र धोका होताच. अमेरिकेत खटक्यावरून खटले झाले. तेव्हा खाचेच्या कडेला बारीक उंचवटे ठेवण्यात आले, की सळई सैल झाली तरी चाक एकदम निसटू नये. सायकलवाल्यांनी त्यांना ‘वकिलांचे ओठ’ असे नाव दिले! गंमत अशी की त्या ओठांमुळे चाक काढताना दर वेळी नटही फिरवावा लागू लागला, म्हणजे बसविताना आवळणी चुकण्याची एक वाट वाढली.

मग 1990 नंतरच्या दशकात डोंगरी सायकलींवर चकतीचे ब्रेक रुळू लागले. येथे श्रोत्यांनी थोडे लक्ष द्यावे. पुढच्या चाकाची चकती डाव्या अंगाला असते, आणि तिला पकडणारा जबडा बहुधा चिमट्याच्या पायामागे बसविलेला असतो. सायकल पुढे जात असता चाकाची मागली बाजू वर चढत असते. जबडा ती अडवितो, म्हणजे चकतीला खाली ढकलतो. चकती लहान आणि चाक मोठे, म्हणून टायरपाशी एक किलोची ओढ असेल तर चकतीपाशी ती चार किलोंहून अधिक भरते. हा सारा जोर खाचेच्या उघड्या तोंडाकडे! ब्रेक बदलला, जोराची दिशा बदलली, पण खाच आणि खटका जुनेच राहिले.

2003 साली एका ब्रिटिश शास्त्रज्ञाने, जो स्वतः सायकल चालवीत असे, हे गणित लोकांपुढे मांडले. वारंवार जोराचा ब्रेक लावल्याने आस खाचेत सरकू शकतो आणि नटही ढिला होऊ शकतो, असे त्याचे म्हणणे होते. जबडा पायाच्या पुढे बसविला, किंवा खाचेचे तोंड पुढे वळविले, तर हा धोका टळतो. ह्यावर उत्तर आले की खटका नीट आवळला तर चाक सुटत नाही, आणि सुटले तर स्वाराने तो नीट आवळला नसेल.

हे उत्तर आमच्या ओळखीचे आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या एका सभासदाची दोन बोटे प्रेसखाली गेली. अहवालात शेरा पडला, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. आम्ही विचारले, की आठ तासांत हजारो वेळा हात आत घालणारा माणूस एकदाही चुकू नये, ही अपेक्षा कोणत्या शास्त्रातली? वाद पुष्कळ झाला. अखेर प्रेसला दोन बटणे बसली. दोन्ही हात बटणांवर असल्याखेरीज ती खाली येत नसे. त्या प्रेसवर निष्काळजीपणाचा शेरा पुन्हा लिहावा लागला नाही. माणसे तीच होती, यंत्र बदलले होते.

सायकलच्या बाबतीतही तसेच झाले. 2015 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत ट्रेक कंपनीने सुमारे 9 लाख सायकलींचे खटके परत मागविले. उघडी राहिलेली दांडी जास्त मागे वळली तर चकतीत अडके, आणि चाक जागीच थांबे किंवा निखळे. कळविलेले अपघात तीनच होते, पण त्यांतल्या एका स्वाराचे हातपाय कायमचे लुळे पडले. सप्टेंबरात आणखी 13 कंपन्यांनी मिळून सुमारे 13 लाख सायकलींसाठी तेच केले. दांडी उघडी ठेवणारा चुकलाच, हे खरे. पण त्या चुकीची शिक्षा किती असावी हे दांडीच्या घडणीने ठरविले होते, आणि ती घडण स्वाराने केली नव्हती.

आज चकतीच्या बहुतेक चांगल्या सायकलींना आरपार आस असतो. उघड्या खाचेऐवजी बंद भोक, आणि त्यातून आटे पाडलेला जाड आस. आवळणी थोडी कमी पडली तरी चाक खाली निसटत नाही. पण जुन्या पद्धतीच्या सायकली आपल्याकडेही रस्त्यावर आहेत. ज्यांच्या घरी अशी सायकल असेल त्यांनी निघण्यापूर्वी एवढे करावे. दांडी नटासारखी गोल फिरवून आवळू नये, उलटवून मिटावी. मिटताना तळहातावर वळ उठेल इतका जोर लागला पाहिजे. घाट उतरण्यापूर्वी ती पुन्हा चाचपावी. उघडी दांडी आणि चकती ह्यांत पेन्सिलीइतकेही अंतर राहत नसेल, तर ती बदलून घ्यावी.

एवढी काळजी स्वाराने घ्यावी, हे आम्हीही सांगतो. पण घेणाऱ्याने काळजी घ्यावी असे सांगून घडविणारा मोकळा होत नाही. कांपान्योलोने गारठलेल्या बोटांना दोष दिला नाही, त्याने नट बदलला. ही त्याची खरी शिकवण होय. यापुढे कोठे अपघात झाला आणि ‘त्याचाच निष्काळजीपणा’ असे कुणी म्हणाले, तर श्रोत्यांनी एकच प्रश्न विचारावा: माणूस चुकणारच हे धरून ती वस्तू बनविली होती काय?