मग एकाचा, तहान चौघांची!
थीम पार्कमधील खाण्यापिण्याचे नियम आणि रीतभात

- खास प्रतिनिधी

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुला-लेकीकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांच्या आणि पर्यटन कंपनीबरोबर जाणाऱ्या कुटुंबांच्या कार्यक्रमात फ्लॉरिडातील ओरलँडो हे शहर हमखास असते. व्हिसा, विमानाची तिकिटे, पार्कचे प्रवेशशुल्क यांची चौकशी कित्येक महिने आधी होते. खाण्यापिण्याचा प्रश्न मात्र थेट प्रवेशद्वारापाशी उभा राहतो. 'आत डबा नेऊ देतात का?', 'एकच मग विकत घेऊन चौघांनी त्यातून प्यायले तर कोणी अडवेल का?' हे प्रश्न विचारायला अनेकांना संकोच वाटतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा उदार आहे, तर दुसऱ्याचे अपेक्षेपेक्षा कडक. ही दोन्ही उत्तरे नीट ठाऊक असली, तर खर्च आटोक्यात राहतो आणि परमुलखात मान खाली घालण्याची वेळही येत नाही.

रिफिल मग म्हणजे काय?

१ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या परिसरात आज चार थीम पार्क, दोन जलक्रीडा उद्याने आणि वीसहून अधिक हॉटेले आहेत. या हॉटेलांत उतरणाऱ्यांना झाकण असलेला प्लॅस्टिकचा मग विकत मिळतो. मुक्काम संपेपर्यंत हॉटेलातील पेयकेंद्रावर तो हवा तितक्या वेळा भरून घेता येतो. शीतपेये, चहा, कॉफी, हॉट चॉकलेट असे पर्याय तेथे असतात. एका हॉटेलात घेतलेला मग डिस्नेच्या अन्य हॉटेलांतील केंद्रांवरही चालतो.

मगाची किंमत वीस डॉलरहून थोडी अधिक असते. मुक्काम एका रात्रीचा असो वा आठवड्याचा, किंमत तीच. सुट्या शीतपेयाला चार-पाच डॉलर पडतात. त्यामुळे पाच-सहा वेळा भरून घेणाऱ्याचेच पैसे वसूल होतात. येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यायला हवी. हा मग चार थीम पार्कांच्या आत भरून मिळत नाही. सकाळी लवकर बाहेर पडून रात्री उशिरा परतणाऱ्या कुटुंबाला तो न्याहारीच्या वेळी आणि झोपण्यापूर्वी, एवढाच उपयोगी पडतो.  डिस्नेची भोजन योजना घेणाऱ्यांना माणशी एक मग योजनेतच मिळतो. २०२० मध्ये बंद पडलेली ही योजना जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाली आहे. तेव्हा वेगळा मग विकत घेण्यापूर्वी आपल्या आरक्षणात तो आधीच समाविष्ट आहे का, हे पाहावे.

विश्वासाकडून चिपकडे

एकेकाळी ही सारी व्यवस्था पाहुण्यांच्या विश्वासावर चालत असे. मग हाती असला की यंत्राखाली धरायचा. तो या वर्षीचा की पाच वर्षांपूर्वीचा, हे कोणी पाहत नसे. त्यामुळे जुने मग घरून आणणारे पाहुणे आणि त्यांना नावे ठेवणारे पाहुणे असे दोन तटच पडले होते. 'मी एकदा पैसे भरले आहेत' असे एका बाजूचे म्हणणे. 'ते पैसे त्या मुक्कामापुरते होते' असे दुसऱ्या बाजूचे.

२०१३ च्या सुमारास डिस्नेने हा वाद यंत्राकडून मिटवला. मगाच्या बुडाशी रेडिओ लहरींनी वाचली जाणारी चिप बसवण्यात आली. मग यंत्राखाली ठेवला की चिप वाचली जाते आणि मुदत शिल्लक असेल तरच पेय सुरू होते. एकदा भरल्यानंतर लगेच दुसऱ्यांदा भरता येत नाही, थोडा वेळ थांबावे लागते. जुना मग आता आठवण म्हणून घरच्या फडताळात शोभतो, पेयकेंद्रावर तो निरुपयोगी आहे.

शेजारच्याच युनिव्हर्सल ओरलँडोमध्येही चिप असलेले पेले मिळतात. ते मात्र पार्कच्या आतच भरून घेता येतात. खरेदी केल्याच्या दिवसापुरते ते चालतात आणि पुढच्या दिवसांसाठी शुल्क भरून पुन्हा सुरू करता येतात.

अमर्यादित थाळीचा न्याय

चिपला तारीख कळते, माणूस कळत नाही. मग कोणाच्या ओठाला लागतो आहे, हे यंत्र सांगू शकत नाही. नियम संपतो आणि शिष्टाचार सुरू होतो तो येथे.

मराठी वाचकाला हा मुद्दा समजायला जड जाऊ नये. पुण्या-मुंबईतल्या अमर्यादित थाळीच्या भोजनगृहात एक थाळी घेऊन चौघांनी जेवावे, असे कोणाच्या मनातही येत नाही. 'एक थाळी दोघांत मिळणार नाही' ही पाटी त्यासाठीच लावलेली असते. थाळीचा दर एका माणसाच्या भुकेवर बेतलेला असतो. कोणी चार पोळ्या खातो, कोणी दहा; सरासरीने मालकाचे गणित जुळते. मगाचेही गणित हेच आहे. दर एका माणसाच्या तहानेवर ठरलेला असतो. चौघांनी एका मगावर मुक्काम काढला, तर उरलेल्या तिघांचा भार पुढच्या वर्षीच्या दरातून सर्वांवर पडतो.

असे असले तरी सारेच व्यवहार काळे-पांढरे नसतात. आजोबांच्या मगातला घोट नातवाने घेतला, म्हणून कोणी त्याला चोरी म्हणणार नाही. खोलीत थांबलेल्या आजारी माणसासाठी त्याचाच मग भरून नेणे, हेही रास्तच. पण एका मगातून घरच्या चार बाटल्या भरून घेणे किंवा मुक्काम संपलेल्या कुटुंबाचा मग मुदत शिल्लक आहे म्हणून वापरणे, हे त्यात बसत नाही. कसोटी साधी आहे. जी गोष्ट काउंटरवरील कर्मचाऱ्यासमोर उघडपणे करता येईल, ती करावी. ज्या गोष्टीसाठी मान वळवून पाहावे लागते, ती टाळावी.

पाण्याच्या पेल्याचेही तसेच. डिस्नेच्या पार्कमधील झटपट सेवेच्या उपाहारगृहांत मागितल्यास बर्फाचे पाणी विनामूल्य मिळते. काहीही विकत न घेता ते मागण्यात कमीपणा नाही. मात्र पाण्यासाठी मिळालेल्या पेल्यात शीतपेय भरून घेणे ही सरळसरळ लबाडी ठरते.

पेयकेंद्रावर रांग असते, तेव्हा आधी मग धुवून घ्यावा. त्याची सोय बहुधा शेजारीच असते. उष्ट्या मगाची कड यंत्राच्या तोटीला लागू देऊ नये. मुलांना सर्व पेयांची मिसळ करण्याचा मोह होतो. ती गंमत रांग नसताना करू द्यावी. सांडलेले पुसून पुढे सरकावे.

डबा न्यावा, पण कसा?

डिस्नेच्या फ्लॉरिडातील पार्कांत स्वतःच्या उपयोगासाठी खाद्यपदार्थ आणि मद्यविरहित पेये नेण्यास मुभा आहे. अटी मोजक्याच आहेत. पदार्थ गरम करण्याची, त्यावर प्रक्रिया करण्याची वा तो शीतकपाटात ठेवण्याची गरज नसावी. काचेचे भांडे चालत नाही; लहान मुलांच्या आहाराच्या छोट्या बाटल्यांचा त्याला अपवाद आहे. २०१९ पासून सुटा बर्फ आणि शुष्क बर्फ यांवर बंदी आहे. त्याऐवजी पुन्हा गोठवता येणाऱ्या थंड पिशव्या वापराव्यात. पिशवी वा शीतपेटी २४ इंच लांब, १५ इंच रुंद आणि १८ इंच उंच यापेक्षा मोठी नसावी. प्रवेशद्वारावर सुरक्षा तपासणी होते, त्या वेळी डबा काढून दाखवण्याची तयारी ठेवावी.

आणखी एक अट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे, ती म्हणजे पदार्थाला उग्र वास नसावा. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळी, चिवडा, शंकरपाळे, कोरडी पोळी-भाजी यांना अडचण येण्याचे कारण नाही. लसणाची चटणी, तेलात मुरलेले लोणचे किंवा सुकट मात्र हॉटेलच्या खोलीतही जपूनच उघडावे. आपल्या नाकाला जो खमंगपणा वाटतो, तोच शेजारच्या बाकावरील अनोळखी माणसाला उग्र वाटू शकतो. याचा अर्थ डब्याची लाज बाळगावी असा नव्हे. तेथील असंख्य अमेरिकी कुटुंबेही आपापली सँडविचे घेऊनच येतात. रांगेत उभ्या असलेल्या आजींना मधुमेह असेल, घरात कोणी कांदा-लसूण खात नसेल, किंवा चौघांच्या जेवणाचे डॉलर रुपयांत मोजताना छातीत धस्स होत असेल. यातले प्रत्येक कारण डबा नेण्यास पुरेसे आहे.

शिष्टाचार एवढाच, की ऐन जेवणाच्या वेळी उपाहारगृहातील टेबल अडवून बसू नये. विकत घेतलेले ताट हातात धरून जागा शोधणाऱ्याचा तेथे पहिला हक्क आहे. सावलीतील बाक, मोकळे कट्टे पुष्कळ असतात. पक्ष्यांना आणि खारींना तुकडे घालू नयेत. तेलकट डबे स्वच्छतागृहातील बेसिनमध्ये धुऊ नयेत. उरलेसुरले कचरापेटीतच टाकावे.

घरून निघतानाची एक सूचना. अमेरिकेच्या विमानतळावर सोबतचे सर्व खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात. ताजी फळे आणि मांसाचे पदार्थ यांवर कडक निर्बंध आहेत. न सांगितलेला पदार्थ सापडल्यास दंड होऊ शकतो.

पार्क तितके नियम

एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे लागू पडेलच असे नाही. युनिव्हर्सल ओरलँडोमध्ये पाण्याच्या बाटल्या, किरकोळ खाऊ, बाळाचा आहार आणि पथ्याचे पदार्थ चालतात. संपूर्ण जेवणाचा डबा मात्र चालत नाही. टोकियो डिस्नेलँडमध्येही जेवणाचे डबे आत नेता येत नाहीत. ते खाण्यासाठी प्रवेशद्वाराबाहेर जागा राखून ठेवलेली आहे.

शांघाय डिस्नेलँडची कथा तर न्यायालयापर्यंत गेली. जानेवारी २०१९ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थिनीचा खाऊ तेथील प्रवेशद्वारावर अडवण्यात आला. तिने दावा दाखल केला. सप्टेंबर २०१९ मध्ये तडजोड झाली आणि तिला ५० युआन भरपाई मिळाली. रक्कम नाममात्र होती. पण त्याच महिन्यात पार्कने आपला नियम बदलला आणि गरम करावे न लागणारे, उग्र वास नसलेले पदार्थ आत नेण्यास परवानगी दिली.

आपल्याकडे काय?

आपल्याकडील बहुतेक मनोरंजन उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास मनाई असते. हा वाद महाराष्ट्रात गाजला तो मल्टिप्लेक्सच्या निमित्ताने. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यावर जनहित याचिकेची सुनावणी झाली. पुढे ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश रद्द करताना चित्रपटगृह ही मालकाची खासगी जागा असल्याने बाहेरच्या खाद्यपदार्थांबाबत नियम करण्याचा त्याला अधिकार आहे, असे स्पष्ट केले. मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य द्यावे आणि लहान मुलांसाठी पालकांनी आणलेला वाजवी आहार आत येऊ द्यावा, हेही न्यायालयाने नमूद केले. हा निकाल चित्रपटगृहांपुरता असला, तरी पाणी आणि बाळाचा आहार या दोन गोष्टींचा आग्रह ग्राहकाने कोठेही निःसंकोच धरावा. बाकीच्या बाबतीत तिकीट काढण्यापूर्वीच नियम विचारून घ्यावेत. दारात उभे राहून घातलेल्या वादाने डबा आत जात नाही, मुलांचा हिरमोड तेवढा होतो.

सहलीचा खर्च वाचवण्यात गैर काहीच नाही. मुभा आहे तेथे डबा ताठ मानेने उघडावा, पाणी हक्काने मागावे आणि मग मात्र ज्याच्या नावाचा, त्यानेच भरावा.