बर्फ, साहेब आणि मोठा महादेव

नागपूरकराचा आणि बर्फाचा संबंध जिव्हाळ्याचा आहे, पण तो उसाच्या रसापुरता. गोणपाटात गुंडाळलेली लादी रसवंतीवाला ठोकून फोडतो, तेवढंच आमचं हिमदर्शन. त्यामुळे पायांना लांब फळ्या बांधून, वर पैसे मोजून, मुद्दाम बर्फावरून घसरायला जाणारी माणसं जगात आहेत हे ऐकलं की आम्हाला आधी त्यांची काळजी वाटते. अशा माणसाला कर्ज द्यावं की नाही, हा विचार नंतर. मी बँकेत कारकून आहे, तेव्हा तोही येतोच.

आल्प्समध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर 'पोर्त द्यु सोलेय' नावाचा घसरणाऱ्यांचा मोठा मुलूख आहे. दोन देशांतली बारा गावं, त्यांतली बहुतेक दोरावरच्या पाळण्यांनी एकमेकांना जोडलेली. एक पास खिशात टाकला की सकाळची कॉफी फ्रान्समध्ये आणि दुपारचं जेवण स्वित्झर्लंडमध्ये. मधे देश बदलला, हे घसरणाऱ्याला कळतही नाही. आम्हाला पासबुकावर एक शिक्का हवा असला तरी दोन काउंटर बदलावे लागतात! तेव्हा हे घडलं कसं, याचा जमाखर्च तपासणं एका बी.कॉम. माणसाला भागच होतं.

खातं उघडलं एका हॉटेलवाल्याने. सेंट मॉरिट्झ गावी योहान्स बाड्रुट नावाचा गृहस्थ होता. इंग्रज पाहुणे त्याच्याकडे उन्हाळ्यात येत आणि थंडी पडायच्या आत पळ काढीत. आख्यायिका अशी, की १८६४ साली त्याने त्यांच्याशी पैज लावली : हिवाळ्यात येऊन पाहा, ऊन पडलं नाही तर येण्याजाण्याचा खर्च माझा. इंग्रज आले, ऊनही पडलं, आणि बाड्रुटच्या गल्ल्यात वर्षाला दोन हंगाम जमा होऊ लागले.

पुढे शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल पत्नीच्या क्षयासाठी दावोसला येऊन राहिले. १८९३ च्या डिसेंबरात त्यांनी होम्सला स्वित्झर्लंडमधल्याच एका धबधब्यात ढकललं, आणि १८९४ च्या मार्चमध्ये पायांना फळ्या बांधून, दोन स्थानिक भावांच्या सोबतीने, ते स्वतः डोंगर ओलांडून आरोझाला उतरले. वाटेत बसून घसरल्यामुळे विजारीचं काय झालं, तेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. त्यानंतर हेन्री लन या माजी मिशनऱ्याने इंग्रजांना सहलीने तिकडे न्यायचा धंदाच काढला. त्यांचा मुलगा आर्नल्ड लन. त्याने १९२२ साली म्यूरेन गावी आधुनिक स्लालमची, म्हणजे झेंडे रोवून त्यांतून वळणं घेत घसरण्याची, शर्यत बसवून दिली. आता गंमत पाहा, या बर्फाच्या राजाचा जन्म १८८८ चा, आणि गाव कोणतं? मद्रास!

म्हणजे तिकडे साहेब थंडीच्या शोधात निघाला होता. इकडे आमच्या नागपुरात तो उन्हापासून पळत होता. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर ठरली आणि साहेबाने पहिला मे महिना अनुभवला. १८६२ साली कॅप्टन फोर्सिथ पचमढीच्या पठारावर पोचला, तिथे त्याने 'बायसन लॉज' बांधला आणि पुढे पचमढी प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. नागपूरच्या फायली हवापालट करून येऊ लागल्या. उरलेलं नागपूर वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत बसलं. तिकडे वऱ्हाडच्या बाजूला चिखलदऱ्याचा 'शोध' कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ मध्येच लावला होता. शोध म्हणायचा तो साहेबापुरता. तिथे कोरकू आधीपासून राहत होते आणि आमच्या भीमाने कीचकाला मारून त्याच दरीत फेकलं होतं, अशी लोकांची पक्की खात्री होती.

साहेब गेला. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. राज्यांची फेरमांडणी झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, पचमढी मध्य प्रदेशात राहिली. नागपूरच्या खात्यातून एका दिवसात राजधानी आणि थंड हवेचं ठिकाण, दोन्ही वजा! जमेला चिखलदरा. सातपुडा एकच, पण त्याची दोन खाती झाली. भरपाई म्हणून १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे सरकारने वर्षातून एकदा अधिवेशनासाठी इथे यायचं ठरलं, आणि ते येतं ते डिसेंबरच्या सुमारास. संत्री गोड, थंडी गुलाबी. बाड्रुटला जे पैज लावून साधावं लागलं, ते आम्हाला करारातच मिळालं. फक्त आमचे पाहुणे घसरतात ते सभागृहात.

एवढ्यावर खातं बंद करता आलं असतं. पण एक नोंद राहते, आणि ती या सगळ्या साहेबांआधीची आहे. महाशिवरात्रीला नागपूर-विदर्भातली माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीजवळच्या चौरागडाच्या हजारावर पायऱ्या चढतात आणि नवस फेडतात. नागपंचमीच्या सुमारास थोडे दिवस नागद्वारची वाट खुली होते, तेव्हा भर पावसात डोंगरामागून डोंगर चढत-उतरत जातात. आल्प्समधला माणूस दोराने वर जातो आणि खाली घसरण्याचे पैसे देतो. आमच्याकडे घसरणं फुकट असतं, सगळी किंमत चढण्याला. सावनेर, सौंसर, छिंदवाडा करत गाड्या भरभरून जातात. राजधानी भोपाळला गेली, म्हणून यांनी वाट बदलली नाही. तिकडे डोंगर जोडायला पाळणे लागले. इकडे तो यांनी पायांनी जोडून ठेवला, आणि तुटल्याचं त्यांना अजून कोणी कळवलेलं नाही.

आमच्या आळीतल्या एका आजी दरवर्षी 'मोठ्या महादेवा'ला जातात. एकदा त्यांना विचारलं, "आजी, पचमढी आता दुसऱ्या राज्यात आहे, माहीत आहे ना?"

आजींनी पिशवीत दशम्या बांधता बांधता वर पाहिलं.

"काय बाप्पा, महादेवाले कोनी डोमिसाइल मागते का?"