क्योटोचा तळणीचा मोदक

आज जपानला जायचंय, पण सुरुवात नाशिकच्या आमच्या स्वयंपाकघरातून. दर संकष्टीला वाद ठरलेला. आई कोकणातली, तिचा मोदक उकडीचा. आजी इथलीच, तिचा तळणीचा. खरा कुठला?

आजीच्या बाजूने एक साक्षीदार सापडलाय: क्योटोमधलं कामेया कियोनागा हे मिठाईचं दुकान, १६१७ सालचं. तिथे 'कांकिदान' मिळतो. 'कांकि' म्हणजे आनंद, आणि आपला 'मोद' म्हणजेही आनंदच. पारी पुरचुंडीसारखी आवळलेली, वर आठ पाकळ्या, कमळासारख्या. आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण आणि सात सुगंधी मसाले. मग चक्क तिळाच्या तेलात तळतात! नारळाचा पत्ता नाही.

हा तिकडे पोचला बौद्ध भिक्षूंमुळे, चीनमार्गे, हजारावर वर्षांपूर्वी. विनायकही गेला. तिथे त्याला शोतेन म्हणतात. पण मिरवणूक वगैरे विसरा, त्याची मूर्ती बहुतेक ठिकाणी बंद दाराआडच असते.

आणि नैवेद्याला काय, तर मुळा! टोकियोत असाकुसाजवळच्या मात्सुचियामा मंदिरात भक्त पांढरे मुळे वाहतात. हसू नका. आपल्याकडच्या जुन्या गणेशमूर्तींच्या हातातही मुळा दिसतो. आपण तो विसरलो, त्यांनी जपला.

हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "मुळा तू ठेव. मोदक मी उकडीचेच करणार."