लोणारची साक्ष आणि चंद्रावरील अशनींची ओळख

वाशीम जिल्ह्यातील केनवड आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार ही गावे दख्खनच्या एकाच काळ्या बेसाल्टावर वसलेली आहेत. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर यांच्या वृत्तान्ताने युरोपीय विद्वानांच्या नजरेस आले. सभोवार लाव्हाचाच प्रदेश असल्यामुळे ते ज्वालामुखीचे मुख होय, हे मत दीर्घकाळ रूढ राहिले. ‘लोणार’ या नावात ‘लवण’ शब्दाचे प्राकृत रूप ‘लोण’ आहे. नावाने पाण्याचा क्षार जपला. विवराची उत्पत्ती मात्र सांगितली नाही.

१९६४ साली लाफाँ व डीट्झ यांनी आघाताची शक्यता मांडली. १९७३ साली फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांनी तिला खनिजांचा पुरावा दिला. सरोवराच्या तळाखालील भग्न बेसाल्टात त्यांना मॅस्केलिनाइट आढळले. फेल्डस्पारचे न वितळता, केवळ प्रचंड दाबाने काचसदृश द्रव्यात झालेले हे रूपांतर ज्वालामुखीच्या शक्तीबाहेरचे आहे.

चंद्रावरील काळी मैदानेही बेसाल्टाचीच असल्याने लोणारचे महत्त्व स्थानिक राहिले नाही. तशाच आघातांनी चंद्रावरून उडालेले काही दगड पृथ्वीवर येतात. जमिनीवर पोहोचलेल्या अशा दगडास अशनी म्हणावे. उल्का म्हणजे आकाशातील प्रकाशरेषा.

परंतु आघाताची खूण म्हणजे जन्मस्थानाची खूण नव्हे. मॅस्केलिनाइट प्रथम ओळखले गेले ते १८६५ साली बिहारात शेरघाटी येथे पडलेल्या अशनीत. आणि तो अशनी मंगळाचा ठरला आहे. चंद्राचा निर्णय करताना ऑक्सिजनच्या समस्थानिकांनी मंगळ व बहुतेक लघुग्रह वगळता येतात. पृथ्वी वगळता येत नाही, कारण तिचे प्रमाण चंद्रासारखेच आहे. तेथे लोह व मँगनीज यांचे परस्परप्रमाण निर्णायक ठरते. विश्वकिरणांनी निर्माण केलेली समस्थानिके अवकाशप्रवासाची साक्ष देतात. १९८२ साली अंटार्क्टिकात सापडलेला सुमारे ३१ ग्रॅमचा अशनी चांद्र म्हणून सर्वप्रथम ओळखला गेला, तो अपोलो मोहिमांनी आणलेले नमुने तुलनेस हाती होते म्हणूनच. पुढे उच्चभूमीचे फेल्डस्पारप्रधान, मैदानांचे बेसाल्टी आणि मिश्र असे वर्ग पडले.

बाह्यरूपाने लोणारविषयी दीर्घकाळ चकविले. अशनींच्या वर्गीकरणात त्यापासून घ्यावयाचा धडा हाच, की सादृश्याने प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर खनिजांच्या अंतरंगातच शोधावे लागते.