संग्रहालयीन उमेदवारी

संग्रहालयीन उमेदवारी : वस्तुसंग्रहालयातील वस्तूंची निगा आणि ऐतिहासिक वास्तूंचे जतन या कामांत विद्यार्थ्याने शिक्षण चालू असताना, जाणत्याच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीपुरता घेतलेला सहभाग. संग्रहालयशास्त्र, पुरातत्त्व, इतिहास, कलेतिहास, वास्तुकला आणि रसायनशास्त्र या विषयांचे विद्यार्थी अशी उमेदवारी करतात. बोलण्यात ‘इंटर्नशिप’ आणि अलीकडे ‘ओजेटी’ ही नावे रूढ आहेत. दालनात माहिती सांगणे, मुलांच्या कार्यशाळांना हातभार लावणे, समाजमाध्यमांसाठी मजकूर लिहिणे ही कामेही उमेदवारांकडे येतात. प्रस्तुत नोंद साठाखोली, प्रयोगशाळा आणि वास्तू यांपुरती आहे.

पूर्वपीठिका : संग्रहालयातले काम पूर्वी नोकरीत लागल्यावरच शिकायचे असे. एस. एफ. मार्कहॅम आणि एच. हारग्रीव्ह्ज यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अखंड भारतातील १०५ संग्रहालयांचा आढावा आहे. प्रशिक्षित माणसांची वाण हा तिच्यातला ठळक मुद्दा होता. १९४४ मध्ये म्युझियम्स असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ मध्ये संग्रहालयशास्त्राचा देशातला पहिला विद्यापीठीय विभाग निघाला; तिसऱ्या सयाजीरावांनी उभारलेले वस्तुसंग्रहालय त्याच गावात असल्याने वर्ग आणि साठाखोली यांतले अंतर तिथे मुळातच कमी होते. कलकत्ता विद्यापीठाचा विभाग १९५९ चा. शास्त्रीय जतनाच्या प्रशिक्षणासाठी लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा (१९७६) महत्त्वाची. ओमप्रकाश अग्रवाल तिचे संस्थापक-संचालक. जतनशास्त्राचे आंतरराष्ट्रीय केंद्र, म्हणजे रोम येथील इक्रोम, काढण्याचा ठराव युनेस्कोच्या १९५६ च्या नवी दिल्ली अधिवेशनात झाला होता.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (जनतेसाठी खुले १९२२) मुंबई विद्यापीठाशी संलग्न असा संग्रहालयशास्त्र व जतन या विषयांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालवते. त्याचे स्वतःचे कला-संवर्धन केंद्र आहे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय (१८७२, आजचे नाव १९७५ पासून) २००८ मध्ये जीर्णोद्धारानंतर पुन्हा उघडले. तिथे मातीच्या लहान प्रतिकृती, जहाजांचे नमुने, नकाशे आणि खुद्द इमारत या सर्वांचे जतन एकाच ठिकाणी अभ्यासता येते.

मुदत : राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांत २०२३-२४ पासून पदव्युत्तर पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांचे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ (ओजेटी) किंवा क्षेत्रप्रकल्प आला. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले, तर हे १२० तास होतात. रोज सहा तासांप्रमाणे वीस दिवस. ओळख होण्यास ही मुदत पुरेशी आहे, निगा शिकण्यास नाही. दुसरे सत्र संपते उन्हाळ्यात, आणि साठाखोलीची खरी परीक्षा लागते जुलै-ऑगस्टात. कोकणपट्टीत त्या दिवसांत हवेतील सापेक्ष आर्द्रता वारंवार ८० टक्क्यांच्या वर जाते. ती ६५-७० टक्क्यांच्या पुढे टिकली की कागद, चामडे आणि कापडावर बुरशी धरू लागते. एप्रिल-मेमध्ये येऊन गेलेल्या विद्यार्थ्याला ज्या कपाटात काहीच दोष दिसला नाही, त्याच कपाटाच्या मागल्या फळीला श्रावणात ओल आलेली असते. म्हणून मुदत सलग न ठेवता आठवड्यातून दोन दिवस याप्रमाणे पावसाळाभर पसरणे हिताचे. विद्यापीठांच्या वेळापत्रकात ते बसवणे अवघड जाते. तरी ज्या संस्थांना जमले त्यांनी ते सोडू नये.

साठाखोलीतील काम : संग्रहालयाच्या मालकीचे बहुतांश धन दालनात नसते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू असून मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास आहेत. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी गावोगाव फिरून दिवे, दौती, अडकित्ते, पेटारे, वाद्ये अशा घरगुती वापराच्या वस्तू जमवल्या. अशा संग्रहात वस्तू कोणत्या गावची, कोणाच्या घरची, कशी मिळाली हीच तिची निम्मी किंमत. ती माहिती नोंदवहीत नसेल तर उरते ते नुसते पितळ. उमेदवाराचे पहिले काम म्हणून नोंद तपासणे हेच असावे.

एक पितळी दांड्यांचा, लोखंडी पात्याचा अडकित्ता घेऊ. उमेदवार आधी तो दोन्ही हातांनी, खाली मऊ कापड असलेल्या तबकात घेतो. धातूला घामातील क्षार लागू नयेत म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालतो. अडकित्ता दांडे धरून उचलायचा नाही, कारण सांध्याचा खिळा सैल असू शकतो. मग मापे, वजन आणि मोजपट्टी ठेवून छायाचित्र. त्यानंतर स्थितिनोंद. ‘अवस्था ठीक’ असे लिहिणे ही स्थितिनोंद नव्हे. पात्याच्या डाव्या अंगाला दोन सेंटिमीटर लांब तांबूस गंज, बोटाने न निघणारा. खिळ्याभोवती हिरवट थर. उजव्या दांड्याच्या टोकाचा मोर झिजलेला, झीज जुनी. इतके लिहिले तर पाच वर्षांनी येणाऱ्या माणसाला गंज वाढला की नाही ते कळेल. क्रमांक घालण्याची जागा दांड्याची आतली बाजू. पाते नाही, सांधा नाही, नक्षी तर नाहीच. त्या जागी पॅरालॉइड बी-७२ ही ॲक्रिलिक राळ ॲसिटोनमध्ये विरघळवून तिचा पातळ हात द्यायचा, तो वाळला की बारीक टाकाने क्रमांक लिहायचा आणि वर पुन्हा एक हात. पुढे काढायची वेळ आली तर ॲसिटोनच्या बोळ्याने सगळे निघून येते आणि धातूला काही होत नाही. कापडावर मात्र असे लिहीत नाहीत. क्रमांकाची सुती पट्टी दोन-चार सैल टाक्यांनी शिवतात. कागदावर मऊ पेन्सिलीने, मागल्या बाजूस, हलक्या हाताने.

क्रमांकाची सर्वांत चालणारी पद्धत तिहेरी आहे : वर्ष, त्या वर्षातील आवकेचा अनुक्रम, आणि त्या आवकेतील वस्तूचा अनुक्रम. १९३५.१२.४ म्हणजे १९३५ साली आलेल्या बाराव्या आवकेतील चौथी वस्तू. जुन्या संग्रहांत एका वस्तूवर दोन-तीन निरनिराळे क्रमांक आढळतात. जुना क्रमांक पुसायचा नसतो; तो नव्या नोंदीत ‘पूर्वीचा क्रमांक’ म्हणून उतरवायचा. हे सांगूनही उत्साही विद्यार्थी वस्तू स्वच्छ करताना जुनी चिठ्ठी काढून टाकतात. देखरेख करणाऱ्याने पहिल्याच दिवशी या एका गोष्टीवर बोट ठेवावे.

शेवटी जागा : खोली, कपाट, कप्पा, पेटी. वस्तू जागेवरून हलली की त्याच दिवशी नोंद हलली पाहिजे. संग्रहालयातील पुष्कळशा ‘हरवलेल्या’ वस्तू चोरीला गेलेल्या नसतात, दुसऱ्या कप्प्यात असतात. संगणकीय नोंदीसाठी पुण्याच्या सी-डॅकने ‘जतन’ ही प्रणाली विकसित केली असून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संग्रहालयांत ती वापरात आली. प्रणाली कोणतीही असली तरी हस्तलिखित आवकवहीची पाने छायाचित्रित करून ठेवणे आवश्यक.

उमेदवारांच्या नित्याच्या इतर कामांत आर्द्रतामापकाची नोंद, चिकट सापळ्यांत सापडलेल्या किड्यांची मोजणी, प्रकाशाचे मापन ही येतात. कापड, लघुचित्रे व कागद यांवर ५० लक्सच्या वर प्रकाश नसावा, तैलचित्रांना सुमारे २०० पर्यंत चालतो, असा संकेत आहे. पैठणी किंवा शेला गुंडाळण्यासाठी मांजरपाट वापरतात. तो आधी धुऊन खळ पूर्ण काढावी लागते, नाहीतर खळीवर कसर येते. घडी घालण्यापेक्षा नळीवर गुंडाळणे चांगले, कारण जर घडीवरच तुटते.

कागद व हस्तलिखिते : महाराष्ट्रात या शाखेला सर्वांत मोठे क्षेत्र आहे, कारण मोडी कागदपत्रे अफाट आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (१९१७) या पुण्यातील संस्थांचे संग्रह सर्वज्ञात आहेत. पेशवे दफ्तरातील कागद ‘रुमालां’त बांधलेले. विद्यार्थ्याने रुमाल सोडताना कागदांचा क्रम मोडता कामा नये. क्रम हाही पुरावा आहे. वेखंड किंवा कडुलिंबाचा पाला ठेवण्याची जुनी रीत आजही दिसते. डांबराच्या गोळ्या आता टाळतात, कारण त्यांची वाफ माणसालाही बाधते. हस्तलिखित हाताळताना हातमोजे हवेत की नकोत याविषयी एकमत नाही. धुतलेल्या, कोरड्या, उघड्या हातांनी ठिसूळ पान अधिक सुरक्षित उलटते, असे मानणाऱ्यांचा पक्ष सध्या बळकट आहे. मोडी वाचता येणारा आणि कागदाची निगा जाणणारा असा एकच विद्यार्थी मिळणे दुर्मीळ. मिळाला तर त्याच्याकडून प्रत्येक रुमालाची निदान चार ओळींची यादी करून घ्यावी.

प्रयोगशाळा : उमेदवाराने प्रत्यक्ष वस्तूवर उपचार करावा की नाही, हा वादाचा विषय आहे. मऊ कुंचल्याने धूळ काढणे, कसर लागलेली वस्तू पॉलिथीनमध्ये बंद करून शीतपेटीत ठेवणे, आम्लरहित खोकी तयार करणे इतके त्याच्याकडे देण्यास सहसा हरकत घेतली जात नाही. रसायनांनी स्वच्छता, तुटलेले जोडणे, चित्रावरील वार्निश काढणे यांबाबत संस्थांचे नियम वेगवेगळे आहेत. चिंच किंवा बाजारी पावडरीने पितळ लखलखीत करणे मात्र सर्वत्र वर्ज्य. त्याने पृष्ठभागाचा थर जातो आणि कोरलेली अक्षरे बुजतात.

वास्तू : वास्तुकलेच्या विद्यार्थ्याची उमेदवारी मोजमापापासून सुरू होते. फीत, ओळंबा, पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि आता टोटल स्टेशन किंवा लेझर यंत्र ही साधने. वाड्याचा चौक चौरस दिसतो, पण कर्ण मोजल्याशिवाय तसे लिहू नये. जुन्या गावठाणात रस्ता वाकडा, म्हणून भिंत वाकडी, हे नेहमीचे. पुण्याच्या विश्रामबाग वाड्यासारख्या (१८०७) वास्तूत जोते, सुरूच्या आकाराचे खांब, तुळया, कडीपाट, महिरपी यांचे वेगवेगळे तपशील-नकाशे लागतात. मग बिघाडाचा नकाशा : लोणा कुठे लागला, तडा कोणत्या दिशेने गेला, तुळईचे भिंतीत गेलेले टोक ठोकल्यावर बद्द वाजते का. लोणा बहुधा तिथे जास्त दिसतो, जिथे मागच्या दुरुस्तीत चुन्याच्या जागी सिमेंटचा गिलावा केला आहे. भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटमागे कोंडते. चुना भिजवून मुरवणे, दर्जा भरणे ही कामे विद्यार्थ्याने गवंड्याच्या हाताखाली केली पाहिजेत; गूळ, बेलफळ, हिरडा यांचे प्रमाण पुस्तकांपेक्षा गवंड्याला अधिक ठाऊक असते.

मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची, देशातील अशी पहिली. अशा नियमावलीला याद्या लागतात, आणि याद्यांमागे गल्लोगल्ली फिरून नोंद करणारे तरुण हात असतात. वास्तुकला-विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेची, म्हणजे ‘नासा’ची, लुई कान करंडक स्पर्धा ऐतिहासिक वास्तूंच्या दस्तऐवजीकरणासाठीच असते. त्यातील नकाशे महाविद्यालयांत पडून राहतात ही मोठी हानी आहे. वाडा पडल्यावर तेच नकाशे एकमेव पुरावा ठरू शकतात. त्यांची एक प्रत सार्वजनिक अभिलेखागारात जाणे सक्तीचे व्हावे.

मोबदला : पद्धत संस्थागणिक वेगळी. अमेरिकेतील कलासंग्रहालय-संचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये सवेतन, म्हणजे विद्यार्थ्याला वेतन देणाऱ्या, उमेदवारीची शिफारस करणारा ठराव केला. भारतात असा सर्वमान्य दंडक नाही. मुंबईत खोलीभाडे भरून विनावेतन राहणे बाहेरगावच्या विद्यार्थ्याला झेपत नाही, आणि चंद्रपूर-नांदेडचे संग्रह सांभाळायला पुढे त्याच भागातली मुले लागणार आहेत.

परदेशात : हार्वर्डच्या फॉग संग्रहालयात पॉल सॅक्स यांनी १९२१ मध्ये, तर न्यूअर्क येथे जॉन कॉटन डाना यांनी १९२५ मध्ये प्रशिक्षणवर्ग सुरू केले. चार्ल्स पीटरसन यांच्या प्रस्तावावरून १९३३ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी ऐतिहासिक वास्तू-सर्वेक्षणात आरंभी मंदीमुळे बेकार झालेले वास्तुविशारद होते. महायुद्धानंतर विद्यार्थ्यांच्या उन्हाळी तुकड्या आल्या. त्यांचे नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सर्वांसाठी खुले आहेत. नोव्हेंबर १९६६ च्या फ्लॉरेन्समधील पुरात विद्यार्थ्यांनी साखळी करून ग्रंथालयाच्या तळघरातून चिखलाने माखलेली पुस्तके काढली. रिओ द जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय सप्टेंबर २०१८ मध्ये जळाल्यावर तेथील संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वस्तूंची छायाचित्रे पाठवण्याचे आवाहन लोकांना केले.

कायदा : पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये सामान्यतः शंभर वर्षांची वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांचे हस्तलिखित पुरावस्तू ठरते, उमेदवाराला ही मर्यादा माहीत असावी.

निसर्गेतिहास संग्रह : भुसा भरलेल्या जुन्या प्राणि-नमुन्यांत आर्सेनिक असू शकते, हातमोजे आणि मुखपट्टीशिवाय ते विद्यार्थ्याच्या हाती देऊ नयेत.